रायपूरचा अल्पायुषी संघ : पूर्वेकडील संस्थानांचे एकत्र येणे आणि बाहेर पडणे

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला ग्रेट ईस्टर्न रोड भंडारा, राजनांदगाव आणि दुर्ग ही गावे मागे टाकून रायपूरला पोहोचतो. शहरात या रस्त्यालगत राजकुमार कॉलेजचे विस्तीर्ण आवार आहे आणि तेथून जवळच चौबे कॉलोनी ही वस्ती आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच वस्तीत आहे. राजकुमार कॉलेज १८८२ मध्ये प्रथम जबलपूर येथे निघाले व १८९४ मध्ये रायपूरला आले. छत्तीसगड आणि ओडिशा या प्रदेशांतील संस्थानिकांच्या मुलांना इंग्रजी पद्धतीचे शिक्षण देणे हा त्याचा हेतू होता. महाराष्ट्र मंडळ हे भोसल्यांच्या काळापासून या भागात येऊन राहिलेल्या व पुढे सरकारी नोकरी, वकिली आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आलेल्या मराठी कुटुंबांचे एकत्र येण्याचे ठिकाण होय. एक संस्था राजांच्या मुलांची, तर दुसरी सामान्य नागरिकांची. या दोन्ही संस्थांच्या डोळ्यांसमोर १९४७ साली रायपुरात एक राजकीय प्रयोग सुरू झाला आणि पाच महिन्यांतच तो संपला. पूर्व संस्थान संघ हे त्याचे नाव. आज रायपुरातही त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. तथापि घटक राज्ये संघात का येतात आणि त्यातून का बाहेर पडतात, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यास हा लहानसा प्रयोग पुष्कळ काही शिकवू शकतो.

संघ आणि निर्गमन

अनेक राजकीय घटक आपली काही सत्ता एका समाईक शासनाकडे सोपवतात व उरलेली स्वतःकडे ठेवतात, तेव्हा संघ निर्माण होतो. हे घटक स्वतंत्र असतील, तर सत्ता सोपवणे किंवा न सोपवणे हा त्यांचा स्वतःचा निर्णय असतो. परंतु घटक वसाहतीच्या अवस्थेत असतील, तर चित्र पालटते. तेथे संघाची कल्पना बहुधा साम्राज्याच्या सोयीतून निघालेली असते, आणि साम्राज्य निघून जाऊ लागले की प्रत्येक घटकापुढे एकच प्रश्न उभा राहतो : या सोबत्यांबरोबर राहायचे, की आपला वेगळा मार्ग धरायचा?

विसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रश्न जगाच्या अनेक भागांत उपस्थित झाला. कॅरिबियन समुद्रातील जमैका, मध्य आफ्रिकेतील न्यासालँड आणि आग्नेय आशियातील सिंगापूर ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. ज्या संस्थानांचे भवितव्य रायपुरात ठरू पाहत होते ती कायद्याच्या काटेकोर अर्थाने ब्रिटिश मुलूख नव्हती. त्यांचे राजे आपल्या गादीवर होते. मात्र या राजांचे परराष्ट्रसंबंध, सैन्य, वारसाहक्क आणि बऱ्याच अंशी अंतर्गत कारभार यांवर ब्रिटिश अधिसत्तेचा ताबा होता. म्हणून त्यांना वसाहतीचेच एक अंग मानून त्यांच्या निर्णयांचा विचार करणे योग्य ठरेल.

छत्तीसगडातील संस्थाने

मराठी वाचकाला छत्तीसगड सर्वस्वी परका नाही. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम यांच्या स्वारीने रतनपूरच्या हैहय घराण्याची सत्ता खिळखिळी झाली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. त्यांच्यानंतर सुभेदारांची राजवट आली. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ मध्ये, कारभाराचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर छत्तीसगडही इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. सपाट व सुपीक मुलूख थेट ब्रिटिश अमलाखाली आला. सभोवतालच्या डोंगराळ व जंगली भागातील जमीनदारांपैकी काहींना मांडलिक संस्थानिक म्हणून मान्यता मिळाली.

पुढे १९०५ मध्ये भाषेच्या आधारावर एक अदलाबदल झाली. पाटणा, कालाहंडी, सोनपूर, बामडा आणि रेढाखोल ही ओडिया भाषकांची पाच संस्थाने मध्यप्रांतातून बंगालकडे गेली. त्यांच्या बदल्यात सरगुजा, उदयपूर, जशपूर, कोरिया आणि चांगभखार ही छोटानागपुराकडील पाच संस्थाने मध्यप्रांताला जोडण्यात आली. अशा रीतीने छत्तीसगडची चौदा संस्थाने ठरली : बस्तर, कांकेर, राजनांदगाव, खैरागड, छुईखदान, कवर्धा, सक्ती, रायगड, सारंगगड, उदयपूर, जशपूर, सरगुजा, कोरिया आणि चांगभखार. यांतील रायगड हे कोकणातील रायगडाशी केवळ नावाने जुळते, हे सांगावयास नकोच.

या चौदांमध्ये समानता फारच थोडी होती. बस्तरचे क्षेत्रफळ तेरा हजार चौरस मैलांहून अधिक, तर सक्तीचे अवघे १३८ चौरस मैल. राजनांदगावला कापडाची गिरणी होती, लोहमार्ग होता, आणि १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तेथील गिरणी कामगारांनी मोठा संप केला होता. दुसरीकडे चांगभखारात घनदाट अरण्य आणि विरळ वस्ती होती. काही राजे राजगोंड, काही राजपूत म्हणवणारे, तर राजनांदगाव आणि छुईखदान येथील घराणी बैरागी महंतांची. या सर्वांना बांधणारा धागा एकच होता, तो म्हणजे त्यांच्यावर देखरेख करणारा ब्रिटिश पोलिटिकल अधिकारी. १९३३ मध्ये पूर्व संस्थान एजन्सी स्थापन झाली व छत्तीसगडची आणि ओडिशाची संस्थाने एकाच छत्राखाली आली. पुढे निघालेल्या संघाचा साचा याच एजन्सीच्या नकाशातून घेतला गेला, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

संघाची स्थापना

भारतीय संस्थानिकांना संघाची कल्पना नवीन नव्हती. १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश प्रांत आणि संस्थाने यांचा एक अखिल भारतीय संघ योजला होता. संस्थानांच्या एकूण लोकसंख्येपैकी निदान निम्मी लोकसंख्या असलेल्या आणि वरिष्ठ सभागृहातील संस्थानांच्या १०४ जागांपैकी निदान ५२ जागांच्या हक्कदार असलेल्या संस्थानिकांनी होकार दिला, तरच तो अस्तित्वात यावयाचा होता. संस्थानिकांनी घासाघीस केली, काळ लोटला, आणि १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू होताच ती योजना स्थगित करण्यात आली. म्हणजे हा पहिला संघ जन्मण्यापूर्वीच संपला. ज्यांनी त्या वेळी आत येण्याचे टाळले, त्यांच्यापुढे आठ वर्षांनी कितीतरी कमी अनुकूल पर्याय आले.

१९४६ मध्ये त्रिमंत्री शिष्टमंडळाने स्पष्ट केले की, ब्रिटिश सत्ता गेल्यावर अधिसत्ता नव्या सरकारकडे सोपवली जाणार नाही; ती लोप पावेल. १९४७ च्या भारत स्वातंत्र्य कायद्याने ही गोष्ट पक्की केली. कागदोपत्री पाहता सक्तीसारखे १३८ चौरस मैलांचे संस्थानही १५ ऑगस्ट रोजी आपले भवितव्य ठरवण्यास मोकळे होणार होते. व्यवहारात मात्र हे स्वातंत्र्य भयप्रद होते. ज्या पोलिटिकल एजंटाच्या पाठबळावर गादी टिकून होती तोच निघून जाणार होता. लहान संस्थानाच्या तुटपुंज्या महसुलात उच्च न्यायालय, सुसज्ज पोलीस दल, रुग्णालये आणि महाविद्यालये चालणे शक्य नव्हते.

या पोकळीला उत्तर म्हणून छत्तीसगड आणि ओडिशा येथील बहुतेक संस्थानिकांनी १ ऑगस्ट १९४७ रोजी पूर्व संस्थान संघ स्थापन केला. त्याचे मुख्य ठाणे रायपूर हे होते. पाटण्याचे महाराजा राजेंद्र नारायण सिंह देव आणि कोरियाचे राजा रामानुज प्रताप सिंह देव हे त्यातील पुढाकार घेणाऱ्यांपैकी होते. संघाला घटना होती, समाईक अधिकारी होते आणि संयुक्त पोलीस दलाची व्यवस्था होती. एकेकट्याला न पेलणारा खर्च सर्वांनी मिळून उचलावयाचा, हे त्यामागील सूत्र होते आणि ते तर्काला सोडून नव्हते.

परंतु या इमारतीच्या पायात तीन उणिवा होत्या. पहिली उणीव भूगोलाची. संघाचे ठाणे ज्या रायपुरात होते ते शहर स्वतः संघात नव्हते. तो मध्यप्रांताचा जिल्हा होता. संस्थानांचे तुकडे प्रांतांच्या जिल्ह्यांत मिसळलेले होते व एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना वारंवार प्रांताची हद्द ओलांडावी लागे. दुसरी उणीव भाषेची. पश्चिमेकडे छत्तीसगडी व हिंदी, पूर्वेकडे ओडिया, आणि सर्वत्र गोंडी, हलबी, कुडुख, हो यांसारख्या आदिवासींच्या भाषा. तिसरी उणीव कायद्याची. १५ ऑगस्टच्या सुमारास भारताशी जे सामीलनामे झाले, ते संस्थानागणिक झाले. संरक्षण, परराष्ट्रसंबंध आणि दळणवळण हे विषय प्रत्येक राजाने स्वतःच्या सहीने भारताकडे सोपवले. म्हणजे भारत सरकारचा कायदेशीर संबंध प्रत्येक राजाशी स्वतंत्रपणे जडला. संघाला वळसा घालून त्याच्या एकेका घटकाशी बोलण्याचा मार्ग त्यामुळे पहिल्या दिवसापासून मोकळा होता.

बाहेर राहिलेले दोन मोठे

संघाची सर्वांत मोठी दुर्बलता त्याच्या सभासदांच्या यादीत नव्हे, तर त्या यादीबाहेर दिसते. छत्तीसगडातील सर्वांत विस्तृत संस्थान बस्तर आणि ओडिशाकडील प्रमुख संस्थान मयूरभंज ही दोन्ही संघात आली नाहीत. या दोन राजघराण्यांत नातेही होते. बस्तरचे तरुण महाराजा प्रवीरचंद्र भंजदेव यांचे वडील मयूरभंजच्या घराण्यातील होते. मोठ्या घटकाला लहानांच्या संगतीत मिळण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे पुष्कळ असते. बस्तरजवळ अफाट अरण्य आणि बैलाडिला डोंगरातील लोहखनिजाचे साठे होते. मयूरभंजला खाणी होत्या, तुलनेने सुस्थितीतील कारभार होता, आणि १९४७ च्या अखेरीस तेथील राजाने लोकांच्या प्रतिनिधींचे मंत्रिमंडळही नेमले. अशा संस्थानांनी आपला महसूल दुर्बल शेजाऱ्यांच्या खर्चासाठी का द्यावा, हा प्रश्न व्यवहारी होता. बडे बाहेर राहिल्याने संघाचा भार मध्यम आणि लहान संस्थानांवर पडला, आणि ज्याने दुर्बलतेवर उपाय व्हावयाचे तो संघ दुर्बलांचाच राहिला.

कटक आणि नागपूर

१९४७ च्या नोव्हेंबरात बालासोर जिल्ह्याला लागून असलेल्या नीलगिरी या संस्थानात गंभीर अशांतता माजली. भारत सरकारच्या संमतीने ओडिशा प्रांताच्या अधिकाऱ्यांनी तेथील कारभार हाती घेतला. एका लहान संस्थानातील अराजक शेजारच्या जिल्ह्यात पसरण्यास वेळ लागत नाही, ही गोष्ट त्यातून दिल्लीच्या ध्यानी आली. ओडिशाचे मुख्यमंत्री हरेकृष्ण महताब हे संस्थाने प्रांतात मिळवावीत अशा मताचे होते. संस्थान खात्याचे मंत्री सरदार वल्लभभाई पटेल आणि सचिव व्ही. पी. मेनन यांनी आता निर्णयाची वेळ आल्याचे ठरवले.

१४ डिसेंबर १९४७ रोजी कटक येथे पटेलांनी ओडिशाकडील संस्थानिकांशी बोलणी केली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, स्वतःच्या साधनांवर लोकांना चांगला कारभार देणे या संस्थानांना शक्य नाही, आणि प्रजेचा रोष अनावर झाल्यावर कोणतीही तडजोड करण्यास अवसर उरणार नाही. राजांनी सत्ता सोडावी. त्यांना तनखा, खासगी मालमत्ता आणि मानमरातब यांची हमी मिळेल. एक रात्र व काही तास चाललेल्या चर्चेनंतर सह्या झाल्या. मयूरभंजने मात्र आपल्या मंत्रिमंडळाला विचारल्यावाचून सही करता येत नाही असे सांगितले व ते तूर्त बाजूला राहिले.

दुसऱ्या दिवशी, १५ डिसेंबर रोजी, नागपुरात छत्तीसगडच्या संस्थानिकांची पाळी आली. मध्यप्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल हे स्वतः रायपूरचे. ज्या शहरात संघाचे ठाणे होते त्याच शहराचा एक वकील आता त्या संघाच्या घटकांना आपल्या प्रांतात सामावून घेत होता. कटकची बातमी तोपर्यंत सर्वांना कळली होती. संघाचा पूर्वेकडील अर्धा भाग गेल्यावर पश्चिमेकडील अर्ध्याला उभे राहण्यास जागा उरली नाही. संघात नसलेले बस्तरही यातून सुटले नाही. चौदाही संस्थाने विलीनीकरणास तयार झाली आणि १ जानेवारी १९४८ पासून त्यांचा कारभार मध्यप्रांताकडे आला.

अशा प्रकारे संघ मोडला. त्याच्याविरुद्ध कोणी ठराव केला नाही की कोणी युद्ध पुकारले नाही. त्याचे घटक एकेक करून निघून गेले आणि मागे संघाचे केवळ नाव राहिले.

सह्यांची किंमत पैशांतही ठरली होती. तनख्याचे जे सूत्र या वेळी ठरले ते पूर्व संस्थानांचे सूत्र म्हणून ओळखले जाते. संस्थानाच्या वार्षिक महसुलातील पहिल्या एक लाख रुपयांवर १५ टक्के, पुढील चार लाखांवर १० टक्के आणि पाच लाखांवरील रकमेवर साडेसात टक्के, मात्र एकूण तनखा दहा लाखांहून अधिक नाही, असे ते सूत्र होते. हे तनखे १९७१ मध्ये घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने बंद झाले.

जगातील तीन निर्गमने

रायपूरच्या अनुभवाचा अर्थ नीट समजण्यासाठी त्याच्या शेजारी इतर काही उदाहरणे ठेवून पाहणे उपयुक्त होईल.

वेस्ट इंडीजचा संघ ३ जानेवारी १९५८ रोजी दहा ब्रिटिश वसाहतींनी मिळून स्थापन केला. त्यातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या एकट्या जमैकाची होती. तरीही ४५ सदस्यांच्या संघीय सभागृहात तिला १७ जागा मिळाल्या. राजधानी एक हजार मैलांवर त्रिनिदादमध्ये होती. संघाचे उत्पन्न तुटपुंजे होते आणि पुढे संघ आपल्यावर कर बसवील ही भीती जमैकाच्या शेतकऱ्याला व कारखानदाराला वाटत होती. १९ सप्टेंबर १९६१ रोजी तेथे सार्वमत झाले. सुमारे ५४ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. संघाचे समर्थक असलेले जमैकाचे प्रीमियर नॉर्मन मॅनली यांनी तो मान्य केला. ३१ मे १९६२ रोजी संघ विसर्जित झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जमैका व त्रिनिदाद-टोबॅगो स्वतंत्र झाले.

मध्य आफ्रिकेत १९५३ मध्ये उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण ऱ्होडेशिया आणि न्यासालँड यांचा संघ निर्माण करण्यात आला. तेथील आफ्रिकी बहुसंख्याकांचा त्याला आरंभापासून विरोध होता, कारण संघाच्या आडून दक्षिण ऱ्होडेशियातील गोऱ्या वसाहतवाल्यांची सत्ता आपल्यावर येईल हे त्यांना स्पष्ट दिसत होते. हेस्टिंग्ज बांडा यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६२ च्या डिसेंबरात ब्रिटनने न्यासालँडचा बाहेर पडण्याचा हक्क मान्य केला. ३१ डिसेंबर १९६३ रोजी संघ संपला आणि १९६४ मध्ये न्यासालँड हे मलावी या नावाने स्वतंत्र झाले.

सिंगापूरची कथा याहून वेगळी आहे. १६ सप्टेंबर १९६३ रोजी ते मलेशियाच्या संघात आले. ९ ऑगस्ट १९६५ रोजी ते वेगळे झाले. हे वेगळे होणे त्याने मागितले असे म्हणण्यापेक्षा ते त्याच्यावर येऊन पडले असे म्हणणे अधिक योग्य होईल.

या तिन्ही ठिकाणी बाहेर पडणाऱ्या घटकाला अखेर सार्वभौम राष्ट्राचा दर्जा मिळाला. छत्तीसगडच्या संस्थानांनी लहान संघ सोडला तो मोठ्या संघात विरून जाण्यासाठी. बाहेर पडणे ही क्रिया एकच असली तरी तिचे फळ भिन्न असू शकते, आणि ते फळ बाहेर कोण उभे आहे यावर अवलंबून असते. जमैकाच्या बाहेर मोकळा समुद्र होता. रायपूरच्या संघाभोवती स्वतंत्र भारत उभा होता.

संघ का टिकला नाही?

येथे एक आक्षेप संभवतो. संस्थानांचे संघ भारतात अन्यत्र टिकले, मग रायपूरचाच का मोडला? काठेवाडात १९४८ च्या फेब्रुवारीत दोनशेहून अधिक लहानमोठ्या संस्थानांचा व जहागिरींचा एक संघ निर्माण झाला, तो पुढे सौराष्ट्र या नावाने १९५६ पर्यंत राहिला. परंतु काठेवाड हा सलग द्वीपकल्प होता, तेथे गुजराती ही एकच भाषा होती, आणि तो संघ भारत सरकारच्या पुढाकाराने, राजसत्ता लोकप्रतिनिधींकडे जाईल या बोलीवर बनला होता. रायपूरच्या संघाजवळ यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

त्याचे खरे साम्य आहे ते आपल्या दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांच्या संघाशी. सांगली, भोर, फलटण, औंध आदी संस्थानिकांनीही १९४७ मध्ये एकत्र येऊन संघ करण्याचा प्रयत्न केला होता. त्यांतील औंधने तर १९३९ मध्येच गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. तरीही ही संस्थाने मुंबई प्रांताच्या जिल्ह्यांत विखुरलेली असल्याने संघाला आकार येईना. ८ मार्च १९४८ रोजी त्यांचा कारभार मुंबई सरकारकडे गेला. चांगला राजा आणि चांगली घटना असूनही विखुरलेल्या तुकड्यांचे राज्य होऊ शकत नाही, हे औंधच्या उदाहरणावरून दिसून येते. छत्तीसगडात तर मुलूख विखुरलेला होता आणि प्रजेला घटनेतही स्थान नव्हते.

ज्यांना विचारले गेले नाही

आता या प्रकरणातील सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळले पाहिजे. जमैकात प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत विचारण्यात आले. रायपूरच्या संघात येण्याचा आणि त्यातून निघण्याचा निर्णय मात्र दोन्ही वेळा राजांनी घेतला. प्रजेचे काय?

प्रजा निमूटपणे बसली होती असे नव्हे. १९३८ मध्ये धेनकानाल संस्थानात बाजी राऊत हा बारा वर्षांचा नावाडी मुलगा पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्याच वर्षी तालचेरमधून हजारो लोकांनी राजाच्या जुलमाला कंटाळून ब्रिटिश हद्दीतील अंगुळकडे देशत्याग केला. १९३९ च्या जानेवारीत रणपूर येथे जमावाच्या हातून पोलिटिकल एजंट मेजर बेझलगेट ठार झाला. वेठबिगार, जंगलावरील बंदी आणि अवाजवी पट्ट्या यांविरुद्धच्या प्रजामंडळांच्या या लढ्यांनीच पटेलांच्या कटक येथील युक्तिवादाला धार आली. या अर्थाने विलीनीकरणामागे लोकमताचे बळ होते हे मान्य केले पाहिजे.

तथापि सर्वांचे मत एकच नव्हते. सरायकेला आणि खरसावां ही दोन संस्थाने १ जानेवारी १९४८ रोजी ओडिशात घालण्यात आली, त्याच दिवशी खरसावांच्या आठवडी बाजारात त्याविरुद्ध जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. मृतांची संख्या किती होती याविषयी आजही एकमत नाही. काही महिन्यांनी, मे १९४८ मध्ये, ही दोन्ही संस्थाने ओडिशातून काढून बिहारला जोडण्यात आली. जो निर्णय पाच महिन्यांत फिरवता आला, तो घेण्यापूर्वी तेथील लोकांना विचारणे अशक्य नव्हते, असे कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणे कठीण आहे.

बस्तरमध्ये हा प्रश्न अधिक काळ धुमसत राहिला. गादी गेली, पण आदिवासींच्या मनातील राजाचे स्थान गेले नाही, कारण ते दंतेश्वरी देवीच्या पूजेशी आणि दसऱ्याच्या उत्सवाशी जोडलेले होते. जंगल, जमीन आणि धान्याची लेव्ही यांवरून वाढत गेलेल्या संघर्षाचा शेवट २५ मार्च १९६६ रोजी जगदलपूरच्या राजवाड्यातील पोलीस गोळीबारात झाला. त्यात प्रवीरचंद्र भंजदेव आणि त्यांच्यासोबतचे अनेक आदिवासी मृत्यू पावले. सहीने राज्याची हद्द बदलते. माणसाची निष्ठा बदलण्यास केवळ सही पुरत नाही.

याउलट, ज्यांनी मतपेटीचा मार्ग धरला त्यांना नव्या व्यवस्थेत जागा मिळाली. पाटण्याचे राजेंद्र नारायण सिंह देव हे १९६७ ते १९७१ या काळात ओडिशाचे मुख्यमंत्री होते. सारंगगडचे राजा नरेशचंद्र सिंह हे १९६९ च्या मार्चमध्ये काही दिवस मध्यप्रदेशचे मुख्यमंत्री झाले. ज्यांनी राजा या नात्याने संस्थान सोडले, त्यांनी उमेदवार या नात्याने राज्य मिळवले.

पुढील स्थित्यंतरे

विलीनीकरणानंतर छत्तीसगडचा नकाशा नव्याने आखला गेला. बस्तर व कांकेर मिळून बस्तर जिल्हा झाला. सरगुजा, कोरिया व चांगभखार यांचा सरगुजा जिल्हा, तर रायगड, सारंगगड, जशपूर व उदयपूर यांचा रायगड जिल्हा बनला. राजनांदगाव, खैरागड आणि छुईखदान ही दुर्ग जिल्ह्यात गेली. बाहेर राहिलेल्या मयूरभंजनेही १ जानेवारी १९४९ रोजी ओडिशात प्रवेश केला.

रायपूरच्या मराठी कुटुंबांना याच सुमारास आणखी एका निर्गमनाला तोंड द्यावे लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मध्यप्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. जवळजवळ शंभर वर्षे रायपूरची राजधानी नागपूर होती. तेथील उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि सचिवालय यांच्याकडे रायपूरच्या मराठी वकिलाची, शिक्षकाची व कारकुनाची दृष्टी लागलेली असे. एका रात्रीत नागपूर परराज्यात गेले आणि राजधानी भोपाळला झाली. घर जेथे होते तेथेच राहिले, हद्द मात्र सरकली. मायबोलीच्या मंडळाचे महत्त्व अशा वेळी वाढते. जो आधार पूर्वी राजधानीकडून आपोआप मिळत असे, तो आता वर्गणी काढून, ग्रंथालय चालवून आणि गणेशोत्सव भरवून स्वतः निर्माण करावा लागतो.

१ नोव्हेंबर २००० रोजी मध्यप्रदेशातून छत्तीसगड हे वेगळे राज्य निघाले व रायपूर त्याची राजधानी झाले. त्रेपन्न वर्षांपूर्वी राजांनी ज्या शहरातून संघ चालवू पाहिला, तेथे आता निवडून आलेली विधानसभा भरू लागली. तिच्या मतदारसंघांत बस्तर आहे आणि सरगुजाही आहे; जे एका संघात कधी बसले नाहीत ते एका सभागृहात बसतात.

निष्कर्ष

या अभ्यासातून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, संघाचे आयुष्य बहुधा त्याच्या सर्वांत मोठ्या घटकाच्या हाती असते. जमैका निघून गेल्याने वेस्ट इंडीजचा संघ संपला. बस्तर आणि मयूरभंज आत न आल्याने रायपूरचा संघ प्रारंभापासूनच अपुरा राहिला. दुसरी ही की, साम्राज्याच्या कारभारासाठी आखलेली हद्द साम्राज्य गेल्यावर आपोआप राज्याची हद्द होऊ शकत नाही. तिच्यात राहणाऱ्या लोकांना परस्परांची गरज वाटावी लागते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संघात येण्याचा आणि त्यातून जाण्याचा हक्क अखेर कोणाचा, राजाचा, सरकारचा की तेथे राहणाऱ्या माणसांचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. जेथे तो विचारला गेला, तेथे वियोगही शांततेने झाला. जेथे तो विचारण्याचे राहून गेले, तेथे खरसावांच्या बाजारात आणि जगदलपूरच्या राजवाड्यात तो पुढे कधीतरी पुन्हा उभा राहिला.